स्कल बेसला हात लावायच्या आधी कवटी कशी वाचायची

दरवर्षी नवीन बॅच आली की तोच प्रश्न येतो, दादा स्कल बेस कुठून सुरू करू, फोरॅमिना पाठ करतो आणि आठवड्यात उडून जातात. (स्कल बेस म्हणजे मेंदू ज्यावर बसतो तो कवटीचा तळ, फोरॅमिना म्हणजे त्यातली नर्व्ह-धमन्यांची भोकं.) आमच्या इंदूरला मेडिकल कॉलेजात एक वर्ष पुढचा असला तरी त्याला सर म्हणायची रीत आहे, पण मराठी घरातली पोरं वॉर्डाबाहेर आली की दादा-ताईवर येतात, म्हणून हे पण तसंच घरच्या भाषेत लिहितोय. वाचणारे ईएनटी किंवा न्यूरोसर्जरीचे पीजी आहेत असं धरलंय. मुख्य रस्ता नाकातून जाणारा, कानामागचा शेवटी थोडासा. आणि हे वाचून कोणी एकट्याने काही उघडायला जाऊ नये, शिकवणारा माणूस शेजारी पाहिजेच, ते काही वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाठ केलेली कवटी ओटीत कामाला येत नाही, टेबलावर जो पेशंट आहे त्याची कवटी वाचता आली पाहिजे. ॲटलासमधला स्फेनॉइड सायनस (नाकाच्या मागे-वर असलेली हवेची पोकळी) कसा छान, मधोमध पडदा, दोन्हीकडे सारख्या खोल्या. खऱ्या माणसात असा मिळाला तर फोटो काढून ठेवा. त्यात आपल्याकडे खरगोन, बडवानी, झाबुआकडून येणारे पिट्यूटरीच्या (मेंदूखालच्या ग्रंथीच्या) गाठीचे पेशंट बहुतेक उशिरा येतात, वर्षभर चष्म्याचा नंबर बदलून झालेला असतो, दोन्ही बाजूंचं दिसणं गेलेलं असतं, तोपर्यंत गाठ एवढी मोठी की सेलाचा (पिट्यूटरी बसते त्या हाडाच्या खळग्याचा) तळ पातळ कागद झालेला आणि कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी) ढकलून भलतीकडे गेलेली. म्हणून एक नियम लावून घ्या: धोक्याची कुठलीही गोष्ट, म्हणजे कॅरोटिड, ऑप्टिक नर्व्ह, मेंदूखालचं छत, दोन वेगवेगळ्या खुणांवरून सापडली तरच सापडली म्हणायचं. एकच खूण जुळली म्हणजे अजून शोध चालू आहे.

आधी हाड हातात घ्या

फर्स्ट इयरचा बोन सेट ज्युनियरला देऊन टाकला असेल तर महिनाभर परत मागून आणा. प्लास्टिकची कवटी नको, तिच्यातली बारीक भोकं बहुतेक बुजलेलीच असतात. खरी कवटी, वरची टोपी निघणारी, आणि ॲनाटॉमी डिपार्टमेंटमध्ये मधून उभी कापलेली एक असतेच, ती पण बघायला मागा कारण स्फेनॉइड सायनस आख्ख्या कवटीत दिसतच नाही.

महाराणी रोडवरून चार रंगांची बारीक वायर घ्या. लाल धमनीला, निळी शिरेला, पिवळी नर्व्हला, उरलेली तुमच्या मर्जीची. एकेक वायर प्रत्येक भोकातून घाला आणि कुठून निघते ते बघा. ऑप्टिक कॅनॉलमधून ऑप्टिक नर्व्ह आणि तिच्याबरोबर ऑफ्थॅल्मिक धमनी. सुपीरियर ऑर्बिटल फिशरमधून तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीची पहिली फांदी (हे आकडे मेंदूतून निघणाऱ्या बारा नर्व्हजचे). मग स्फेनॉइडच्या मोठ्या पंखात मागे-बाहेर वळत जाणारी रांग: रोटंडममधून व्ही-टू (पाचवीची दुसरी फांदी), ओव्हेलमधून व्ही-थ्री (तिसरी), स्पायनोसममधून मिडल मेनिंजियल धमनी. मागच्या खड्ड्यात इंटर्नल मिएटसमधून सातवी-आठवी, ज्युगुलर फोरॅमेनमधून नववी-दहावी-अकरावी, हायपोग्लॉसल कॅनॉलमधून बारावी. हे सगळे पाठ करतात, पण वायर घातली की दिशा कळते, आणि सर्जरीत दिशाच लागते. रोटंडम जवळजवळ सरळ पुढे जातं, ओव्हेल सरळ खाली, हे एकदा हाताने केलं की विसरत नाही.

फोरॅमेन लॅसरमशी जरा जास्त वेळ बसा. वाळक्या कवटीत ते मोठं भगदाड दिसतं आणि व्हायव्हात पोरं सांगून मोकळी होतात की यातून कॅरोटिड जाते. जात नाही. जिवंत माणसात खालून तिथे कूर्चा भरलेली असते आणि कॅरोटिड पेट्रस हाडातून येऊन त्याच्या वरून जाते आणि तिथून वर वळते. आता पिवळी वायर पुढून टेरिगोपॅलाटाइन फोसातून व्हिडियन कॅनॉलमध्ये घाला. तिचं टोक बरोबर लॅसरमच्या पुढच्या कडेला निघेल, म्हणजे कॅरोटिड जिथे आडवी येऊन वर वळते त्याच जागी. नाकातून खोल जाणारे सर्जन व्हिडियनचा मागोवा घेत कॅरोटिडपर्यंत का जातात ते या एका वायरीत समजतं. ड्रिल करताना आधी त्या कॅनॉलच्या खालचं आणि आतल्या बाजूचं हाड काढत जायचं, वर आणि बाहेरच्या बाजूला लगेच नाही, कारण कॅरोटिड त्या बाजूला आहे.

आणि हे सगळं वरून बघून झालं की कवटी उलटी करून नाकाच्या भोकातून टॉर्च मारून बघा. आपण पाच वर्षं स्कल बेस वरून शिकतो, मेंदू काढून टाकलेल्या ताटासारखा, आणि मग ऑपरेशन करायला खालून जातो, त्यामुळे पहिले काही महिने डोकं गरगरतं. वर-खाली, पुढे-मागे सगळं नव्याने बसवावं लागतं आणि त्याला कवटी उलटी धरण्याशिवाय दुसरा उपाय मला माहीत नाही.

टेरिगोपॅलाटाइन फोसा

याला वेगळं सांगतोय कारण 2021 च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकर (काळी बुरशी) आला तेव्हा इंदूरमधल्या एका आख्ख्या बॅचने स्कल बेस याच भोकातून शिकला. मॅक्झिलरी सायनसच्या (गालातल्या पोकळीच्या) मागच्या भिंतीमागची ही छोटीशी फट, म्हणजे आपल्या राजवाड्याचा चौक समजा, एक गल्ली सराफ्यात, एक खजुरी बाजारात, एक इमली बाजारात, एक कृष्णपुऱ्याकडे, चौकात उभा माणूस कुठेही जाऊ शकतो. तसं इथून स्फेनोपॅलाटाइन फोरॅमेनमधून नाकात, इन्फिरियर ऑर्बिटल फिशरमधून डोळ्यात, टेरिगोमॅक्झिलरी फिशरमधून इन्फ्राटेम्पोरल फोसात, ग्रेटर पॅलाटाइन कॅनॉलमधून टाळूत, रोटंडममधून मेंदूच्या मधल्या खड्ड्यात आणि व्हिडियनमधून लॅसरमकडे. बुरशीला एवढंच पाहिजे असतं. म्हणून म्युकरमध्ये नाक वरवर साफ केलं आणि मॅक्झिलाची मागची भिंत उघडली नाही तर आजार तिथे दबून बसलेला राहू शकतो.

सीटीत किंवा एमआरआयमध्ये या फटीतली चरबी बघायची सवय लावा. नॉर्मल माणसात ती सीटीवर काळी दिसते, एमआरआयच्या टी-वनवर पांढरी. ती मळकट झाली, दोन्ही बाजूंत फरक दिसला, तर हाड शाबूत असलं तरी आजार मागे सरकल्याचा संशय घ्यायचा. मॅक्झिलाच्या मागच्या भिंतीच्या पलीकडची चरबी पण तशीच बघा. हाड खाल्लेलं दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

आत काय असतं ते ध्यानात ठेवा: पुढच्या बाजूला रक्तवाहिन्या, मॅक्झिलरी धमनीच्या शेवटच्या फांद्या, आणि त्यांच्या मागे नर्व्हज, स्फेनोपॅलाटाइन गँग्लियन आणि व्ही-टू. पुढून जाणाऱ्याला आधी रक्त भेटतं मग नर्व्ह. मागच्या भिंतीवर दोन भोकं शोधायची, वर-बाहेर रोटंडम, खाली-आत व्हिडियन. एक मिळालं की दुसरं कुठे असेल ते तेच सांगतं. दोन खुणा म्हणतो त्या ह्या अशा.

सीटी वाचायची रीत

फिल्म नको. पेशंट गावाकडून एवढी मोठी फिल्म गुंडाळी करून आणतो, तिच्यावर वीस-पंचवीस चौकोन, त्यात काही कळत नाही. सेंटरला फोन करून सीडी किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम डेटा घ्या, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ स्लाइस, बोन विंडो, तिन्ही प्लेनमध्ये. लॅपटॉपवर थ्रीडी स्लायसर फुकट मिळतं, मॅक असेल तर होरोस. रिपोर्ट आधी वाचू नका. आधी स्वतः बघा, कागदावर लिहा, मग रिपोर्टशी ताडून बघा.

कोरोनलमध्ये (समोरून घेतलेले उभे काप) सुरुवात नाकाच्या छतापासून. ऑल्फॅक्टरी फोसा (वासाच्या नर्व्हचा खळगा) किती खोल आहे ते मोजा, केरोसने 1962 मध्ये केलेली विभागणी अजून चालते: 1 ते 3 मिलिमीटर टाइप वन, 4 ते 7 टाइप टू, 8 ते 16 टाइप थ्री. जितका खोल तितकी बाजूची लॅटरल लॅमेला उंच आणि उघडी, आणि ही लॅमेला आख्ख्या छतातलं सगळ्यात पातळ हाड, 0.05 ते 0.2 मिलिमीटर. तुमच्या नॅव्हिगेशनची (अवजार सीटीवर कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्राची) चूक चांगल्या दिवशीसुद्धा दीड-दोन मिलिमीटरची असते, आता हिशोब करा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पण बघा, डावी-उजवीत फरक बऱ्याच जणांत असतो, आणि बहुतेक सर्जन एका बाजूने सोपं गेलं की दुसरीकडे हात सैल सोडतात.

छत पुढून मागे उतरत जातं. हे सॅजिटलमध्ये (बाजूने घेतलेले उभे काप) बघा. पुढे जी उंची सेफ होती ती मागच्या एथमॉइडमध्ये (दोन डोळ्यांमधल्या हवेच्या खोल्यांत) सेफ नसते. म्हणून मागे जाताना मॅक्झिलरी सायनसच्या छताची पातळी डोक्यात धरायची, स्फेनॉइडमध्ये त्या पातळीला किंवा तिच्या खालून शिरायचं, आणि एकदा स्फेनॉइडचं छत नीट दिसलं की मग तिथून पुढे येत एथमॉइडचं छत साफ करायचं. गाठीने, पॉलिपने, आधीच्या ऑपरेशनने सगळं बिघडलेलं असलं तरी ऑर्बिटचा (डोळ्याच्या खोबणीचा) तळ, म्हणजे मॅक्झिलरी सायनसचं तेच छत, सहसा जागेवर असतो, ही खूण फार कामाची आहे आणि फुकट आहे.

अँटीरियर एथमॉइडल धमनी कोरोनलमध्ये शोधा, ऑर्बिटच्या आतल्या भिंतीवर छोटंसं टोक आल्यासारखं दिसतं. ती छतातल्या हाडात बसलीय की छताखाली हवेत लोंबतेय ते बघा. लोंबत असेल तर पहिलाच चुकार चावा तिला बसतो, ती कापली की ऑर्बिटमध्ये आखडून आतच रक्त सोडत राहते, डोळा दगडासारखा घट्ट होतो आणि नजर जायला वेळ लागत नाही. अशा वेळी लॅटरल कँथोटॉमी-कँथोलायसिस (डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करणं) करता यायलाच पाहिजे, ऑप्थॅल्मोवाला येईपर्यंत थांबायचं नसतं. बाहेरून जाणाऱ्यांसाठी 24-12-6 चा आकडा सांगतात, पुढच्या लॅक्रिमल क्रेस्टपासून 24 मिलिमीटरवर ही धमनी, पुढे 12 वर मागची, पुढे 6 वर ऑप्टिक नर्व्ह. आकडा सरासरीचा आहे, पेशंट सरासरी नसतो.

लॅमिना पॅपिरेशिया (नाक आणि डोळ्यामधली पातळ भिंत) फुटलेली, आत आलेली आहे का ते बघा आणि पुढे चला.

मग ओनोडी सेल. मागचा एथमॉइड सेल वाढून स्फेनॉइडच्या वर-बाहेर जाऊन बसतो आणि ऑप्टिक नर्व्ह त्याच्या भिंतीत येते. तुम्हाला वाटतं अजून एथमॉइडमध्ये आहोत, आणि समोर ऑप्टिक. कोरोनलमध्ये स्फेनॉइडसारख्या दिसणाऱ्या जागेत आडवा पडदा दिसला तर वरची खोली ओनोडी असं धरून चाला. स्फेनॉइडचे स्वतःचे पडदे उभे-तिरपे असतात, आडवा पडदा दिसला की थांबायचं. म्हणूनच स्फेनॉइड शोधायचा तो वर-बाहेर नाही, खाली आणि आत.

शेवटी ॲक्सियल (आडवे काप), फक्त स्फेनॉइडसाठी. हवा किती भरलीय, सेलाच्या पुढे थांबलीय की खाली-मागे क्लायव्हसपर्यंत (सेलाच्या मागच्या उतरत्या हाडापर्यंत) गेलीय. कॉन्कल म्हणजे आख्खा भरीव स्फेनॉइड मोठ्या माणसात क्वचित, लहान मुलात मात्र हवा कमीच असते, तिथे सगळं ड्रिल करत जावं लागतं आणि खुणा दिसत नाहीत. मग पडदे मोजा आणि प्रत्येक पडदा मागे कुठे चिकटलाय ते एकेक स्लाइस सरकवत बघा. मधला म्हणवणारा पडदा पुष्कळ वेळा तिरका जाऊन थेट कॅरोटिडच्या हाडावर टेकतो. असा पडदा पकडीत धरून पिळला की हाडाबरोबर कॅरोटिड फाटते. पडदा कधीही पिळायचा नाही, थ्रू-कटिंगने कापायचा नाहीतर डायमंड बरने घासून काढायचा. पण हाच पडदा वाचता आला तर उपकार पण करतो, तो बोट दाखवून सांगतो की कॅरोटिड इथे आहे.

कॅरोटिडवरचं हाड काही जणांत नसतंच, फक्त म्युकोसा (आतलं ओलं अस्तर). दोन कॅरोटिडमधलं अंतर मोजून लिहा. ॲक्रोमेगलीच्या (ग्रोथ हॉर्मोन जास्त झालेल्या) पेशंटमध्ये तर जास्तच जपून, त्यांच्या कॅरोटिड जाड, वेड्यावाकड्या आणि कधीकधी एकमेकींच्या अगदी जवळ आलेल्या असतात.

एमआरआय गाठीसाठी. टी-टूवर कॅरोटिड काळी दिसते, गाठ तिच्या किती बाहेर गेलीय ते नॉस्पच्या रेषा (कॅरोटिडच्या कडांना टेकवून काढायच्या) मारून बघा. स्फेनॉइडमध्ये किंवा सेलाच्या शेजारी गोलसर, न समजणारं काही असेल तर एमआर अँजिओ किंवा सीटी अँजिओ केल्याशिवाय बायोप्सी नाही, ॲन्युरिझम (धमनीचा फुगा) निघू शकतो. तसंच लहान मुलाच्या नाकात एकाच बाजूला पॉलिपसारखं काही लोंबत असेल तर स्कॅन होईपर्यंत पकड लावायची नाही, तो मेंदूच खाली उतरलेला असू शकतो.

आत गेल्यावर

सुरुवात कोआनापासून (नाकाचं मागचं दार), तो कधी दगा देत नाही. त्याच्या वरच्या कडेपासून साधारण एक-दीड सेंटिमीटर वर, सुपीरियर टर्बिनेट आणि सेप्टम (नाकाचा मधला पडदा) यांच्या मधे स्फेनॉइडचं ऑस्टियम (तोंड). कोआनाची उंची आणि सुपीरियर टर्बिनेट, झाल्या दोन खुणा. ऑस्टियम आणि कोआना यांच्या मधून सेप्टमकडे जाणारी धमनी आडवी जाते, नेझोसेप्टल फ्लॅप (शेवटी भगदाडावर लावायचा सेप्टमचा म्युकोसा) तिच्यावरच जगतो. 2006 मध्ये हदाद-बसागास्तेगी फ्लॅप आला तेव्हापासून मोठं भगदाड बुजवायची भीती पुष्कळ कमी झाली, पण ती धमनी आधीच जाळून टाकली तर फ्लॅप कशावर उचलणार? म्हणून शेवट कसा बुजवायचा ते पहिल्या मिनिटाला ठरवायचं, ऑस्टियम खालच्या दिशेला मोठं करायचं असेल तर आधी फ्लॅप उचलायचा किंवा पेडिकल (फ्लॅपचा धमनीवाला देठ) खाली सरकवून ठेवायचा.

स्फेनॉइड उघडला, पडदे उतरवले की लगेच सेला उघडायला धावू नका. सक्शन करा, गरम सलाईनने धुवा, आणि मागची भिंत वाचा. मधे सेलाचा फुगवटा, वर प्लेनम, खाली क्लायव्हसचा खळगा, दोन्ही बाजूंना कॅरोटिडचे उंचवटे, त्यांच्या वर ऑप्टिकचे उंचवटे, आणि ऑप्टिक-कॅरोटिड यांच्या मधे बाहेरच्या बाजूला एक खड्डा, लॅटरल ऑप्टिको-कॅरोटिड रिसेस. हा खड्डा म्हणजे ऑप्टिक स्ट्रटमध्ये शिरलेली हवा. तो सापडला की त्याच्या वर ऑप्टिक, आत-खाली कॅरोटिड. तो दोन्ही बाजूंना सापडला की मधली रेषा पण सापडली. हे सगळं मोठ्याने बोलत करा, उजवी कॅरोटिड, डावी कॅरोटिड, उजवी ऑप्टिक. सुरुवातीला लाजल्यासारखं होतं, सिस्टर हसतात, पण ज्याला बोलता येत नाही त्याला दिसलेलं नसतं. मायक्रो डॉप्लर असेल तर ड्युरा (मेंदूवरचं आवरण) उघडायच्या आधी दोन्हीकडे लावून ऐका.

कॅमेरा सरळ धरणाऱ्या माणसावर कोणी बोलत नाही. तो पंधरा अंश वाकडा झाला की तुमची मधली रेषा कॅरोटिडवर जाते, स्क्रीनवर सगळं छानच दिसत असतं. म्हणून मधूनमधून बाहेर येऊन कोआना आणि सेप्टम सरळ दिसतायत का ते बघायचं. नॅव्हिगेशनचं पण तेच, दर टप्प्याला पॉइंटर एखाद्या माहितीच्या हाडाच्या टोकावर ठेवून तपासा. चुकत असेल तर बंद केलेलं बरं.

नावांचा एक घोळ आहे. न्यूरोवाले कॅरोटिडचे तुकडे 1996 च्या बुथिलियरच्या पद्धतीने सी-वन ते सी-सेव्हन मोजतात, नाकातून जाणारे पॅराक्लायव्हल, पॅरासेलर, पॅराक्लिनॉइड म्हणतात. दोन टीम एका टेबलावर असतात तेव्हा कुठली भाषा बोलायची ते हात धुतानाच ठरवून घ्या.

कॅव्हर्नस सायनसच्या (सेलाच्या दोन्ही बाजूंची शिरांची पोकळी) बाजूला गेलात तर लक्षात ठेवा की तिसरी, चौथी, व्ही-वन, व्ही-टू बाहेरच्या भिंतीत असतात, पण सहावी सायनसच्या आत, कॅरोटिडला लागून बाहेरून जाते. क्लायव्हसमध्ये काम करताना पण आधी सहावीच सापडते, ती डोरेलोच्या कॅनॉलमधून वर येते. ऑपरेशननंतर पेशंटला दोन दोन दिसायला लागलं की पहिला संशय तिच्यावर.

आणि कॅरोटिड फुटलीच तर काय, हे फुटायच्या आधी ठरलेलं पाहिजे. पिट्यूटरीत हे फार कमी होतं पण होतं. दोन सक्शन चालू, दुसऱ्या माणसाने स्कोप रक्ताच्या धारेपासून बाजूला धरायचा, पॅक दाबायचा, ॲनेस्थेशियाला मोठ्याने सांगायचं, रक्त मागवायचं. बीपी पाडायचं नाही, मेंदूला रक्त जायला पाहिजे. मांडी आधीच रंगवून झाकून ठेवलेली असेल तर तिथून स्नायूचा तुकडा काढून, ठेचून, भोकावर दाबून धरायचा, स्नायूने रक्त थांबतं, नुसत्या पॅकने पुष्कळदा नाही. मग टेबलावरून थेट अँजिओ. आणि पहिली अँजिओ नॉर्मल आली म्हणून घरी पाठवायचं नाही, स्यूडोॲन्युरिझम (फाटलेल्या जागी बनणारा फुगा) नंतर तयार होतो, परत अँजिओ करावीच लागते. तुमच्या हॉस्पिटलात रात्री कॅथ लॅब उघडते का, कोण येतं, हे केस लावायच्या आधी विचारा. नसेल तर अवघड केस तिथे लावू नका, यात कमीपणा कसला.

हात कसा बसवायचा

स्कोप एका हातात धरून दुसऱ्या हाताने काम करायला मटणवाल्याकडून बकऱ्याची मुंडी आणा, सेप्टमचा फ्लॅप उचलायची प्रॅक्टिस छान होते. स्फेनॉइड शिकायला मात्र तिचा उपयोग नाही, तो माणसासारखा नसतो. ड्रिलसाठी कच्चं अंडं, डायमंड बरने टरफल घासायचं आणि आतला पापुद्रा फुटू द्यायचा नाही, ड्युरा आणि कॅरोटिडवर हात किती हलका पाहिजे ते अंडं सांगतं. कॅडॅव्हर मिळालं तर सोडू नका. अल्बर्ट रोटन (1932–2016) यांनी फ्लोरिडात धमन्यांत लाल आणि शिरांत निळं लेटेक्स भरून जी डिसेक्शन्स केली त्यांचे फोटो आणि लेक्चर्स इंटरनेटवर फुकट मिळतात, तेच रंग तुमच्या वायरींना द्या म्हणजे डोक्यात घोळ होत नाही.

नाकातून पिट्यूटरीला जायची कल्पना काही दुर्बिणीने आलेली नाही. श्लोफरने इन्सब्रुकला 1907 मध्ये नाक बाजूला करून केलं होतं, हिर्शने व्हिएन्नात 1910 मध्ये नाकाच्या आतून. कुशिंगने बरीच वर्षं वरच्या ओठाखालून केलं आणि मग सोडून दिलं, आत उजेड नव्हता. पुढे डॉटकडून गिओने आणि गिओकडून हार्डीने ती वाट उचलली, आणि हार्डीने मायक्रोस्कोप लावला तेव्हा ती परत रुळली. वाट तीच होती, फक्त दिसत नव्हती.

कानामागचा रस्ता, थोडक्यात

टेम्पोरल बोनला वेगळा सीटी, पातळ स्लाइसचा. सिग्मॉइड सायनस (कानामागची मोठी शीर, हवेची पोकळी नाही) किती पुढे आलाय, ज्युगुलर बल्ब (त्या शिरेचा खालचा फुगवटा) किती वर चढलाय, मिडल फोसाची ड्युरा किती खाली लोंबलीय, या तीन गोष्टींवर तुम्हाला किती जागा मिळणार ते ठरतं. पेट्रस टोकाकडे वरून जायचं तर कावासेचा चौकोन, बाहेर ग्रेटर सुपरफिशियल पेट्रोसल नर्व्ह, पुढे व्ही-थ्री, मागे आर्क्युएट एमिनन्स, आत पेट्रस कडा. कॉक्लिया आणि कॅरोटिड शेजारीच आहेत म्हणून हे कॅडॅव्हरवर केल्याशिवाय जिवंत माणसात नाही.

रेट्रोसिग्मॉइडसाठी (सिग्मॉइडच्या मागून जायचा रस्ता) सगळे ॲस्टेरियन (कानामागे कवटीची हाडं जिथे जुळतात तो बिंदू) दाखवतात, ट्रान्सव्हर्स आणि सिग्मॉइड या शिरा जिथे मिळतात ती जागा म्हणून. पण तो प्रत्येकात बरोबर तिथेच असतो असं नाही, कधी वर कधी खाली. म्हणून सीटी व्हेनोग्राम बघा, मास्टॉइडचं टोक आणि झायगोमाच्या मुळाची रेषा पण धरा, आणि पहिलं भोक ॲस्टेरियनच्या जरा खाली-मागे पाडून कडेकडेने सायनसकडे या. हाड काढताना मास्टॉइडचे एअर सेल उघडले की तिथल्या तिथे बोन वॅक्स भरा, शेवटी ड्युरा शिवून झाल्यावर परत एकदा भरा. ते उघडे राहिले तर सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) मधल्या कानात उतरतं, कानाचा पडदा शाबूत असतो म्हणून बाहेर येत नाही, युस्टेशियन ट्यूबमधून घशात आणि नाकात येतं. पेशंट टाके काढायला येतो आणि सांगतो खाली वाकलं की नाकातून पाणी गळतं, मग ड्युटीवरची पोरं स्कोप लावून नाकात लीक शोधत बसतात, आणि लीक असतो कानामागे.